चाक राहिलं

४ जानेवारी, सकाळी ७
संकल्प: लॅबमधल्या ट्रॉलीचं चाक या आठवड्यात दुरुस्त. चार वर्षं घासतंय. एक ट्रॉली ढकलायची, ती दुसरीवर आदळून चिकटते. आधीचा आणि नंतरचा मोमेंटम सारखा यायला हवा. आमची ट्रॉली अर्ध्या वाटेतच बसकण मारते. तरी दरवर्षी रीडिंग उत्तम येतात, कारण ती मीच फळ्यावर लिहून देतो. मुलांचा वेळ वाचतो.

७ जानेवारी
चाक राहिलं. स्क्रूड्रायव्हर सापडेना. आज इम्पल्स शिकवला. चेंडू झेलताना हात मागे न्यावेत. धक्का जितका लांबवावा तितका कमी लागतो. तास छान रंगला. हे तत्त्व आयुष्यालाही लागू आहे. चाकाचं पुढच्या आठवड्यात बघू.

१२ जानेवारी
मुलगी माझ्याच वर्गात आहे. वर्गात सर, घरी बाबा, हा नियम मी घालून दिलाय. आज तिने फळ्यावरचं न उतरवता स्वतः प्रयोग केला. आधी ०.५०, नंतर ०.३१. खाली टीप: चाक घासतं. लाल शाईने काट मारली, दहापैकी चार दिले. सरांची मुलगी म्हणून सूट दिली, असं कुणी म्हणायला नको.
ही म्हणाली, पोरीने दिसलं तेच लिहिलं ना. हिला फिजिक्स कळत नाही.

१३ जानेवारी
मुलीने पान पुन्हा लिहिलं. ०.५०, ०.५०. अक्षर सुंदर. दहापैकी दहा. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय.

१९ जानेवारी
उद्या तपासणी. स्क्रूड्रायव्हर सापडला. चाक निघालं, पण परत बसेना. चिकटपट्टी लावली. तपासणीवाले नुसती जर्नलं चाळतात. काळजीचं काही नाही. जेवण गेलं नाही, ते पित्तामुळे.

२० जानेवारी, संध्याकाळी
तपासणीच्या बाईंनी ट्रॉली ढकलली. चाक सुटून बाकाखाली गेलं.
बाईंनी सगळ्यात वरचं जर्नल उघडलं. मुलीचं. ही रीडिंग तू स्वतः घेतलीस का, असं विचारलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी बाकाखाली चाक शोधत होतो. ती हो म्हणाली.
बाईंनी पानावर शेरा लिहिला: विद्यार्थिनीने आकडे बनवले आहेत.
मला फार वाईट वाटलं. उद्या बाईंना पत्र लिहून सगळं सांगणार आहे. उद्या नाही तर सोमवारी. तिथल्या तिथे बोललो असतो तर धक्का जोरात बसला असता.
जेवताना मुलीने मीठ मागितलं. म्हणाली, सर, जरा मीठ द्या.
दिलं.