मासे मोजणारी भाची

आदरणीय अर्वोमामांना सेन्याचा वाकून नमस्कार.

इकडे मी ठीक आहे. तुमची खुशाली आई कळवते, पण ती तुमच्याच शब्दांत, म्हणजे ‘बरा आहे’ एवढीच. गुडघा बर्फावर चालू देतो का, बोटीच्या इंजिनाचा खोकला थांबला का, मुस्ती कुत्री अजून टपालवाल्याला पायरीवरच अडवून धरते का, हे विचारायला पत्र लिहिते आहे असं समजा. (तसं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. तुम्ही पाण्याच्या रंगावरून वारा ओळखता, भाची कसली ओळखत नाही!) फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुमच्या फोनची लाइन आपोआप तुटते. दोन वर्षांत तुम्ही माझ्याशी जे काही बोललात ते आईमार्फत, आणि तेही ईस्टरच्या जेवणाला: “ताई, तुझ्या पोरीचं मीठ मोजून झालं असेल तर इकडे द्यायला सांग.” मी मीठ दिलं होतं. तुम्ही घेतलंत. त्यालाच मी बोलणं धरून चालले आहे.

मी वन्यजीव आणि मासे शिकायला जाते म्हटल्यावर गावात सगळ्यांना वाटलं, मी लांडग्यांच्या डोक्यावरून हात फिरवणार. मलाही तसंच काहीसं वाटत होतं. पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी विचारलं, प्राण्यांवर प्रेम आहे म्हणून कोण कोण आलंय? साठ हात वर. मग विचारलं, गणितावर प्रेम असलेले किती? तीन हात, त्यातला एक खिडकी उघडू का विचारत होता. “मग बाकीच्यांनी घरी मांजर पाळावी,” ते म्हणाले. पुढची चार वर्षं मी माशांपेक्षा आकडेच जास्त पाहिले. सुट्ट्यांत फुकट राबले. एका उन्हाळ्यात मत्स्यबीज केंद्रात बोटभर ट्राउटचा एकेक पर कापला, खुणेसाठी, बावीस हजार ट्राउटचा. (बोटं इतकी आखडली की माझी सही पाहून आई म्हणाली, हे कुणाचं अक्षर?) एका हिवाळ्यात रस्त्यावर मेलेलं पाणमांजर उचलून आणलं, कारण त्याच्या पोटात काय आहे ते मला पाहायचं होतं, आणि नीट गुंडाळून, वर तारीख घालून, आईच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. आई तारीख वाचते, नाव वाचत नाही. त्या रविवारी पाद्री जेवायला येणार होते. हरणाचं मांस समजून आईने ते पुडकं वितळायला काढलं आणि ओट्यावर उघडलं. मी बाहेरून येईपर्यंत पाद्रीबुवा त्या पाणमांजरासाठी प्रार्थना म्हणत होते आणि आई माझ्यासाठी. जेवायला शेवटी बेकरीतून मांस भरलेल्या पास्ट्या आणल्या. आईने अजूनही मला तो फ्रीझर उघडू दिलेला नाही, मला बर्फ हवा असला तरी तीच काढून देते.

शिक्षण संपलं आणि नोकरी शोधणं सुरू झालं. एकतीस अर्ज केले. या धंद्यातल्या नोकऱ्या मेफ्लाय किड्यासारख्या असतात मामा, उन्हाळ्यात जन्मतात आणि पानगळीआधी मरतात. प्रत्येक ठिकाणी अनुभव मागतात, आणि अनुभव घ्यायला अनुभव लागतो. मी कॉफीच्या दुकानात काम करत बावीस नकार गोळा केले, बाकीच्यांनी नकाराचेही कष्ट घेतले नाहीत. आईने एकदाच, भांडी पुसता पुसता म्हटलं, “दातांच्या दवाखान्यात जागा आहे गं.” टोमणा नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले, ते लिहिते.

तीन उन्हाळ्यांपूर्वी सरकारी पाहणीच्या बोटीवर मला तीन महिन्यांचं काम मिळालं. खाडी कुठली ते मला आधी ठाऊक नव्हतं. नकाशा उलगडला तेव्हा आपलाच दगडी उथळा दिसला, जिथे तुम्ही मला पहिली व्हाइटफिश जाळ्यातून सोडवायला शिकवलीत. आम्ही जाळी टाकली, मासे मोजले, आणि त्यांच्या कानातले खडे काढून कापले. झाडाच्या बुंध्यात असतात तशी त्या खड्यात वर्षांची वर्तुळं असतात. मी एकेक खडा भिंगाखाली धरायची आणि मनात म्हणायची, लहान निघ, लहान निघ. निघत नव्हते. अकरा वर्षं, चौदा, सतरा. तीन-चार वर्षांची पोरं जवळजवळ नव्हतीच. म्हातारे मासे भरपूर होते म्हणून तुमची जाळी भरत होती, आणि म्हणून तुम्हाला वाटत होतं की सगळं ठीक आहे. मला आकडा पटला नाही. मी सगळे खडे पुन्हा वाचले. दोन आठवडे घेतले, साहेब ओरडले. आकडा तोच आला. मग तो वर गेला, आणि वसंतात आपल्या खाडीचा मासे पकडायचा वाटा एक तृतीयांशाने घटला. पेक्का तुमच्याबरोबर वीस वर्षं जाळी ओढत होता, तो लाकडाच्या गिरणीत गेला. तुम्ही मला धक्क्यावर गाठून एवढंच म्हणालात, “दुसऱ्या कुणाची पोर असती तर शिव्या घातल्या असत्या. तू आहेस म्हणून गप्प बसतो.” शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मामा. शिव्यांना उत्तर असतं.

खडे वाचताना मी दोन-चार वर्तुळं कमी मोजली असती तर कुणाला कळलं नसतं. मला कळलं असतं, आणि सहा-सात वर्षांनी तुम्हालाही कळलं असतं, रिकामी जाळी ओढताना. माझं बरोबर होतं असं म्हणायला मी लिहीत नाही. पेक्काची बायको दुकानात दिसली की मी अजून दुसऱ्या रांगेत जाते. बरोबर असणाऱ्या माणसाने असं करू नये बहुतेक.

तर बातमी अशी. गेल्या आठवड्यात राज्याच्या मासेखात्यात कायमच्या जागेसाठी मुलाखत झाली. मुख्य बाई मार्व्हा ओडेगार्ड, पन्नाशीच्या, मनगटावर पाइक माशाच्या दातांची खूण. प्रश्न संपल्यावर त्यांनी आम्हा चौघांना बाहेर नेलं आणि म्हणाल्या, गाडीमागचा बोटीचा ट्रेलर उतारावरून पाण्यापर्यंत मागे न्या. एक जण डॉक्टरेट झालेला होता, त्याने ट्रेलर कचऱ्याच्या डब्याला मिठी मारायला पाठवला. मी बसले आणि डोक्यात तुमचा आवाज सुरू झाला: “शेपूट डावीकडे हवं तर चाक उजवीकडे, गाढवे!” ट्रेलर सरळ पाण्यात गेला. फक्त ‘गाढवे’ मी मोठ्याने म्हटलं आणि खिडकीशी बाई उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

मामी असत्या तर हे पत्र त्यांनीच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं असतं आणि मधले अवघड भाग दोनदा. आता तुम्हीच वाचा. तब्येत सांभाळा.

तुमची भाची,
सेन्या

ता. क. अर्जात ‘उमेदवाराला कामावर पाहिलेली व्यक्ती’ म्हणून मी तुमचं नाव दिलं आहे. विचारायला हवं होतं, पण तुमच्या फोनची लाइन कशी आहे ते वर लिहिलंच आहे. बाई फोन करतील. कृपा करून उचला.

ता. क. दुसरा. मला बोट लागते, हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. पाहणीच्या बोटीवर मी सगळ्यांना सांगत होते की न्याहारी बाधली. तीन महिने रोज. तेवढं बाईंना सांगू नका. किंवा सांगा. नोकरी मिळो न मिळो, माझ्याबद्दल तुम्ही कुणाशीतरी चार वाक्यं बोलावीत, एवढंच खरं मागणं आहे.

ता. क. तिसरा. लिफाफा बंद करत होते, तोच मार्व्हाबाईंचा फोन आला. त्या तुमच्याशी कालच बोलल्या म्हणे, पन्नास मिनिटं, त्यातली पंचेचाळीस खात्याच्या मूर्खपणावर. उरलेल्या पाचांत तुम्ही म्हणालात, “पोरगी बोटीवर ओकते. ओकून झालं की तोंड पुसते आणि मोजायला परत येते. आकडा माझ्या बाजूने नव्हता, तरी तिने बदलला नाही. घ्या तिला.” एक मेपासून रुजू व्हायचं आहे. मी पायरीवर बसून बरीच रडले, ते आता जाऊ दे. पण बाई म्हणाल्या की बोलता बोलता तुम्ही हेही सांगितलंत, या हिवाळ्यात बर्फाखालून काढलेल्या ट्राउटच्या पोटात बोटाएवढ्या व्हाइटफिश निघताहेत. पिल्लं! उथळ्यावर! आणि हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत? किती ट्राउट चिरले, कितींच्या पोटात निघाली, लांबी किती? ‘पुष्कळ’ चालणार नाही, मामा. उरलेली पोटं फेकू नका, शनिवारी मी डबे घेऊन येते.