वहीतली शेवटची ओळ

पोफळी

प्रिय राही,

तुझं पत्र गणपतीआधीच मिळालं होतं. उत्तर द्यायला मला तीन महिने लागले. तू मागितलेली रितेशची वही सोबत पाठवतोय.

इकडे नवीन काही नाही. कॉलनीतली निम्मी घरं रिकामी आहेत. रितेशची आई हल्ली मागचं दार उघडत नाही. त्याने चौथीत असताना मागे लावलेलं ख्रिसमस ट्री तू पाहिलं आहेस. गेल्या आठवड्यात लाईनची माणसं आली, शेंडा तारेला लागतोय म्हणाली. मी छाटा म्हटलं. एकतीस वर्षं पॉवरहाऊसला काढली, मी तारेच्याच बाजूने बोलणार. ती गेल्यावर वही उघडली. एका पानावर तुम्ही दोघांनी डावीकडे तो पिवळ्या ठिपक्यांचा कोयनेचा भेक आणि उजवीकडे हे झाड अशी तुलना केली आहे. भेक म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक, उन्हाळाभर दगडाखाली दडलेला. झाडाला दडायला जागाच नाही. पुढे त्याच्या अक्षरात आहे, शेंडा गेला तर हे पुन्हा सरळ वाढत नाही. आधी वाचायला हवं होतं. बाजूला तू लिहिलंयस, 'हुबेहूब तुझे बाबा!' त्याखाली त्याने, 'आणि मी कॉलनीतून उडी मारून पळालेला भेक.' मला हसू आलं. मग वही मिटून ठेवली.

तू लिहितेस, त्या दिवशी पुण्यात तुमचं भांडण झालं, म्हणून तो भर पावसात गाडी काढून निघाला. तसं नाही, राही. त्या सकाळी मी त्याला फोन केला होता. आपणहून केलेला पहिलाच. तो तीन वर्षं इथे तो भेक शोधत होता. मी म्हटलं, आपल्या मागेच ओरडतोय, येतोस का? केवढा खूश झाला. संध्याकाळपर्यंत पोचतो म्हणाला. कुंभार्ली घाटात दरड आली. तेराव्यानंतर तोच आवाज पुन्हा आला, म्हणून मी मागचा दगड उचलला. रातकिडा होता. हे मी त्याच्या आईलाही सांगितलेलं नाही. तुलनेची शेवटची ओळ आवाजाची आहे. भेकापुढे लिहिलंय, 'रातकिड्यासारखा, बाबा फसतील.' झाडापुढे काहीच लिहिलेलं नाही.

तुझेच,
रितेशचे बाबा