खुशबूची आंघोळ माझ्याकडे

सुरत,
सप्टेंबर २०१३

प्रिय दुर्गा,

जयभीम. माय-बाबांना जयभीम, खुशबूला दोन्ही गालांवर एकेक पापी. आता आधी एक काम कर. ही चिठ्ठी घेऊन घरामागं जा आणि एकटीच वाच. ही चिठ्ठी घेऊन गावी येणाऱ्या टेकचंदला मी त्याच्या पोराची शपथ घातली आहे, चिठ्ठी तुझ्याच हातात द्यायची, मायच्या नाही. फोनवर हे बोलता येत नाही. आपल्या घरचा फोन म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा. मी हॅलो म्हटलं की माय स्पीकर लावते, बाबा खाटेवरून 'पाणी पडलं का तिकडं?' विचारतात, आणि अनुसयाकाकू कुंपणापलीकडून माझी तब्येत विचारते. तिथं तुझ्याशी काय बोलू? म्हणून लिहून राहिलो. अक्षर कोंबड्याच्या पायासारखं आहे, सांभाळून घे.

तर ऐक. नागझिऱ्याच्या नोकरीला तू अजून 'नाही' कळवलं नसशील तर कळवू नको. कळवलं असशील तर उद्याच रेंज ऑफिसात जा आणि सांग, माझा विचार बदलला, मी येते. पावसाळ्यानंतर गेट उघडेल त्या दिवशी जिप्सीत गाईड म्हणून तू बसली पाहिजेस. खुशबूला मी सांभाळतो. हो, मीच. शेठला सांगून टाकलं आहे. माझ्या लूमवर नवा माणूस आला की मी सुटलो. पुढच्या शुक्रवारची गाडी धरून राहिलो!

आता तू हसून राहिली असशील. म्हणशील, याचं बूड कधी एका जागी टेकलं? खरं आहे. सातवीत शाळा सुटली, सडक अर्जुनीच्या ढाब्यावर कपबशा विसळल्या, मग ट्रकवर क्लीनर होऊन रायपूरपर्यंत हिंडलो, राइस मिलमध्ये पोती उचलली, तिथून इथं सुरतेला. कुठंच वर्षाच्या वर राहिलो नाही. बाबा म्हणतात, 'या पोट्ट्याच्या तळपायाले खाज आहे.' पण दुर्गा, या वेळची खाज निराळी आहे. या वेळी मला घरून पळायचं नाही, घरी पळत यायचं आहे.

झालं असं. त्या रविवारी तू फोनवर बोललीस, 'चार बाया घेतल्या गाईडमध्ये, माझं नाव आहे. पण मी नाही म्हणून सांगून देते.' आणि मग सगळं सांगितलंस. मायचे गुडघे धरतात, तिला पाटावर बसून उठवत नाही. तुझी आई वहिनीच्या बाळंतपणात गुंतली. अंगणवाडीत एवढं लहान लेकरू घेत नाहीत. अनुसयाकाकू हो म्हणाली होती, पण तिच्या घरी आता धान कापणीची घाई येईल. मागून मायचा आवाज आला, 'बरं केलं, बाईमाणूस जंगलात हिंडून काय करते?' आणि मीही म्हटलं, 'बरं, तुला पटेल तसं.' फोन ठेवला. भाकरी थापायला बसलो. इथं आम्ही सात गडी खोलीत राहतो, भाकऱ्यांची पाळी माझी असते, आणि खोटं नाही सांगत, माझ्या भाकरीवर सगळे खूश आहेत. गावी मात्र मी चुलीजवळ गेलो की माय म्हणायची, 'हट, बायकावानी काय करून राहिला?'

भाकरी थापता थापता शेजारच्या गुलाबचंदला सगळं सांगितलं. गुलाबचंद बालाघाटचा, आमच्याच खोल्यांच्या लाइनीत बायको-पोरासकट राहतो. तो रात्रपाळीला लूम चालवतो, त्याची बायको रुख्मा दिवसा साड्यांचे धागे कापायला जाते. सकाळी तो आला की ती जाते. मधला वेळ पोरगं त्याच्याकडं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाला, 'सास गिन ली, नानी गिन ली, पड़ोसन गिन ली. छोरी का बाप मर गया क्या?'

दुर्गा, माझ्या हातातली भाकरी तव्यावर जळाली. खरंच सांगतो. तू सगळ्यांचा विचार केलास, मीही तुझ्यासोबत मान हलवत गेलो, आणि आपल्या दोघांच्याही डोक्यात एक माणूस आलाच नाही. तो माणूस फोनच्या या टोकाला होता. मला आधी हसू आलं, मग राग आला, मग मी लाइनीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो आणि गुलाबचंदला म्हटलं, 'सिखा दे.'

तो म्हणाला, आंघोळीपासून सुरू कर, आंघोळ जमली की बाकी सगळं जमते. पण आपलं पोरगं काही त्यानं हातात दिलं नाही. दुधी भोपळा दिला! चांगला मोठा, तेल चोपडलेला. म्हणाला, पाटावर बस, पाय लांब कर, याला नडग्यांवर झोपव, पालथा कर, उताणा कर, आणि पाणी टाक. घसरला तर समज पोरगं गेलं. मी जीन्स पँट घालूनच बसलो. सारी लाइन पाहायला जमा. पहिल्या तांब्यातच पँट ओली, गच्च झाली, पाय वाकेना, आणि भोपळा सूं करून नालीत. पोट्टे टाळ्या वाजवू लागले. रुख्मा कामावरून येऊन राहिली होती, ती दारातच बसली हसत. म्हणाली, 'भैया, पतलून पहनके कौन नहलाता है? लुंगी चढ़ाओ घुटने तक.' तेव्हा कळलं की माय आंघोळ घालताना लुगडं गुडघ्यावर का घेते. आपण जन्मभर समोर बसून पाहतो आणि काहीच पाहत नाही.

तीन भोपळे फुटले. चौथा मी नीट न्हाऊ घातला, कोरडा केला आणि त्याच दिवशी त्याची भाजी केली. मग रुख्मानं आपल्या पोराला, बिट्टूला, माझ्या पायांवर ठेवलं. तो आपल्या खुशबूहून थोडा लहान. अंग एवढं मऊ की मला वाटलं माझ्या नडग्या टोचतील त्याला. पाणी मी हातानं पाहिलं, बरोबर वाटलं, तांब्या उचलला, तोच रुख्मा ओरडली, 'रुको!' लूमवर काम करून माझ्या तळव्यांना इतके घट्टे पडले आहेत की गरम-थंड नीट कळतच नाही. ती म्हणाली, कोपर बुडवून पाहा. कोपर बुडवलं आणि झटक्यानं बाहेर काढलं. गार पाणी ओतून ते कोमट केलं. मग घातली आंघोळ. डोकं, मान, काखा, मांड्यांच्या घड्या. पालथा केला तेव्हा त्यानं माझ्या पायाचा अंगठा धरला, सोडेचना. उताणा केला तर सरळ माझ्या तोंडावर धार! लाइनीत असा हशा उसळला की रात्रपाळीचे झोपलेले गडी उठून बाहेर आले. पण मी हललो नाही. दुपट्यात गुंडाळला, खांद्यावर घेतला, पाठीवर थोपटलं, आणि तो झोपला. माझ्या मानेवर गरम श्वास सोडत झोपला! मी तसाच उभा राहिलो, पाळीचा भोंगा झाला तरी.

तेव्हापासून रोज सकाळी बिट्टूची आंघोळ माझी. लूमवरचे लोक आता मला 'दाई' म्हणतात. 'दाई आली, दाई, माझं पोट दुखून राहिलं.' म्हणू दे. शेठकडं हिशेब मागायला गेलो तर त्यानं विचारलं, काऊन चालला? मी म्हटलं, छोकरी संभालने. त्यानं चष्मा काढला, आवाज उतरवला आणि म्हणाला, 'बीवी गुजर गई?' मी म्हटलं, नहीं शेठ, बीवी को नौकरी लगी. तो माझ्याकडं असा पाहत राहिला जसं मी गुजरातीत शिवी दिली. मला इतका आनंद कधी झाला नव्हता ते सांगताना.

गंमत पाहा. आपल्या गावच्या दंडारीच्या नाटकात मी तीन वर्षं बाईचं काम केलं. लुगडं नेसून, लाकडी बाहुली मांडीवर घेऊन असा रडलो होतो की बायांनी पदर डोळ्याला लावले, सरपंचानं बक्षीस दिलं. बाबा छाती काढून हिंडले होते, 'रत्नपाल माझा पोरगा आहे.' लाकडाच्या लेकराला अख्ख्या गावासमोर मांडीवर घेतलं तर नाव झालं. खऱ्या लेकराला आपल्या आंगणात घेतलं तर तेच बाबा म्हणतील, बायकोचा बैल झाला. मी म्हणीन, बाबा, बैल म्हणा, पण कामाचा बैल आहे, दोन्ही वेळ जुंपून पाहा.

आणि दुर्गा, ती नोकरी तुझीच आहे. लग्न झालं त्या उन्हाळ्यात आपण मोहफुलं वेचायला गेलो होतो आठवते? मी बडबड करत चाललो होतो, तू माझं मनगट दाबून म्हणालीस, 'चूप राहा ना. माकडं काऊन ओरडून राहिले ऐका.' मला काही दिसेना. तू बोट दाखवलंस आणि झुडपामागून बिबट्याची शेपटी तेवढी गेली, दोरी ओढल्यासारखी. मी घाबरून घामानं भिजलो आणि तुझे डोळे चमकत होते. नंतर घरी येईपर्यंत तू मला सांगत होतीस, कोणता पक्षी कायले ओरडतो, कोणती माती कोणाच्या पायाची. फोनवर 'नाही म्हणून सांगून देते' म्हणालीस तेव्हा तो आवाज तुझा नव्हता. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

मी सगळं ठरवून ठेवलं आहे. सकाळच्या फेरीला तू अंधारात निघशील. खुशबू उठली की आधी तांदळाची पेज, मग थोडी खेळेल, मग तेल, आंघोळ, धुरी, झोप. तेवढ्यात तू येशील. दुपारी मी धानाच्या बांधीवर जाईन नाहीतर टेकचंदच्या भावाच्या पंक्चरच्या दुकानात बसेन, त्यानं हो म्हटलं आहे. संध्याकाळच्या फेरीला तू गेलीस की स्वयंपाक माझा. मायला म्हणावं, तू खाटेवर बसून हुकूम सोड, गुडघे मोडू नको. ती दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी माझी भाकरी खाऊन 'मीठ कमी आहे' म्हणेल, म्हणजे समजायचं जमलं. मला सगळं येते असं नाही. पेज किती पातळ ठेवायची, ताप आला तर काय करायचं, ती कोणत्या कुशीवर झोपते, हे तू शिकवशील. मी विचारत जाईन. विचारायची लाज आता बिट्टूच्या त्या धारेत धुऊन गेली.

आता खरं सांगतो. मी येऊन राहिलो हे तर फोनवरही सांगता आलं असतं, सगळ्यांनी ऐकलं असतं तरी काय बिघडत होतं? चिठ्ठी लिहिली ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. खुशबूचं नाव ठेवलं त्या दिवशी, विहारातून घरी आल्यावर, मी तिला पहिल्यांदा उचललं होतं. ती रडली. सगळ्या बाया हसल्या, 'पाडशील रे, दे इकडं.' त्यांचं मला काही वाटलं नाही. पण पुढं होऊन तिला माझ्या हातून घेतलं ते तू घेतलंस. तूही हसत होतीस. ती तुझ्याकडं जाताच चूप झाली आणि मी रिकामे हात घेऊन आंगणात उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी गाडी धरून इकडं आलो, ते कामासाठी आलो असं सर्वांना सांगितलं. तुझ्यावर राग नाही. पण मी आलो की ती पुन्हा मला पाहून रडेल, तिला मी कोण हे कुठं ठाऊक? माय धावली, काकू धावली तर त्यांना मी आवरीन. तू धावलीस तर मला आवरता येणार नाही. म्हणून एवढंच मागून राहिलो, आणि हे सगळ्यांसमोर मागता येत नव्हतं. गेट उघडेल त्या पहाटे ती माझ्या खांद्यावर कितीही रडली, तरी तू चप्पल घाल आणि निघ. मागं वळू नको. तिला चूप करायला मला वेळ लागेल. तो वेळ मला दे.

तुझाच,
रत्नपाल