मान्काच्या माहेरचा डोंगर

३ फेब्रुवारी, सकाळ
मान्का माहेरी गेली. माझी चूक शून्य. किलिमांजारोच्या पायथ्याशी, मोशीत, माझं डोंगर चढणाऱ्यांना बूट-कोट भाड्याने द्यायचं दुकान. गिऱ्हाइकाला धीर यावा म्हणून मी किलिमांजारोच्या शिखरावरचा सूर्योदय रंगवून सांगतो. त्यासाठी वर गेलेलं असावंच लागतं असं कुठे आहे? पण मान्काने चर्चमधल्या बायकांना नवऱ्याचा हा पराक्रम सांगितला, आणि तिचा भाऊ ओंबेनी, डोंगरावरचा गाइड, सगळ्यांदेखत खो खो हसला. म्हणजे दोष ओंबेनीचा.
तिचा निरोप आलाय: एकदा खरंच वर जाऊन दाखवा, तरच घरी येईन.
जाणार. आम्ही चागा जमातीचे. आमच्या केळीच्या बागाच डोंगराच्या अंगावर. भीती कसली?

४ फेब्रुवारी
चढण सुरू होते त्या मारंगूच्या फाटकाशी मान्का बूट घालून तयार! म्हणाली, ओंबेनीला बिअर पाजून तुम्ही साक्ष फिरवाल, मी स्वतःच बघते. बिचारी. उद्याच परत फिरेल.
ओंबेनीचं सारखं 'पोले पोले', म्हणजे हळूहळू. हे पाहुण्यांना सांगायचं असतं. मी सुसाट. मुक्कामी पहिला पोचलो. मान्का ओझेवाल्यांशी गप्पा मारत शेवटी आली. कीव आली.

५ फेब्रुवारी
पाय दुखत नाहीत. फक्त वाकत नाहीत. हे लोक सारखं पाणी प्या म्हणतात. मी काय म्हैस आहे?
आज मान्का पुढे होती. कुणाचं काही पडलं तर उचलावं म्हणून मी मुद्दाम मागे राहिलो. होरोम्बोच्या मुक्कामी पोचलो तोवर सगळ्यांची जेवणं उरकली होती. माझ्यासाठी तिने मटोरी झाकून ठेवली होती. घरच्यासारखीच, केळी आणि मटणाची. पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. चुलीचा धूर फार.

६ फेब्रुवारी, दुपार
किबोची झोपडी, शिखराआधीचा शेवटचा मुक्काम. डोकं ठणकतंय. उंचीमुळे नव्हे, टोपी घट्ट आहे. काढली. आता थंडीमुळे ठणकतंय.
आज ओंबेनी मला नुसतं 'पोले' म्हणाला. एकदाच. दोनदा म्हटलं तर हळूहळू, एकदा म्हटलं तर अरेरे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी खोल विचार केला. दोन पोले म्हणजे हळूहळू, तर एक पोले म्हणजे निम्मंच हळू. मेहुणा वेग वाढवायला सांगत होता!
वाढवला. ओकलो. कालची मटोरी बाधली.
संकल्प: शिखरावर मान्काचा हात धरून म्हणायचं, चल घरी. तिच्यावाचून घर खायला उठतं. हे दुसरं वाक्य म्हणायचं नाही.

७ फेब्रुवारी, उजाडताना
रात्री सगळे निघाले. मी बुटाची नाडी बांधायला बसलो तो उठलोच नाही. ओंबेनी म्हणाला, दाजी, आता हट्ट पुरे, जीव जाईल, तुम्ही खालीच जायचं. सोबतीला एक गडी ठेवला. मान्काने माझे जाड हातमोजे काढून स्वतःच्या हातात घातले आणि गेली.
हातमोजे तरी वर पोचणार. म्हणजे थोडाफार मीच.

७ फेब्रुवारी, दुपार, होरोम्बो
मान्का शिखरावरून उतरली! ओठ फुटलेले, नाक सोललेलं, हसतेय की रडतेय कळेना. इतकी सुंदर ती लग्नातही दिसली नव्हती. माझ्या तोंडून दोन्ही वाक्यं निघून गेली.
म्हणाली, येते. अट मीच घातली, मीच पुरी केली, आता कुणाची वाट बघू?
जिंकलो!

१० फेब्रुवारी, दुकान
शिखराची हकीकत आता मान्का सांगते. तिच्या सांगण्यात गोम अशी की सूर्योदयच नाही. म्हणे, धुकं होतं, नाक गळत होतं, आईची आठवण येत होती. तरी गिऱ्हाइकं तोंडं उघडी टाकून ऐकतात. आज न राहवून मी म्हटलं, सूर्य खरं तर डावीकडून उगवतो.
गिऱ्हाइकाने विचारलं, हे कोण?
मान्का म्हणाली, आमचे हे. बुटाचं माप अगदी अचूक घेतात.
गिऱ्हाइकाने पाय पुढे केला.