एकेचाळिसाव्या पानावरची ओळ

पुणे,
५ ऑगस्ट २०२४

ती. आबाकाकांस,
मंजुषाचा सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलेले तुम्ही बोलणे मानता, कळवणे मानत नाही. म्हणून हे पत्र. बाबांनी सुरू केलेले आपले 'त्वचा व गुप्तरोग' त्रैमासिक येत्या जानेवारीपासून कागदावर निघणार नाही, संकेतस्थळावर निघेल. चारशे वर्गणीदार डॉक्टरांपैकी नव्वद उरले आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या टेबलावर मी गेल्या वर्षीचे अंक वेष्टनासकट पाहिले. त्यांनी ते न फोडल्याबद्दल माझ्यापाशी दिलगिरीही व्यक्त केली नाही.

नव्या अंकांबरोबर जुने सगळे अंकही दिवाळीपर्यंत तेथे चढवायचे आहेत. एकतीस वर्षांचा संपूर्ण संच फक्त तुमच्याकडे आहे. प्रत्येक अंकाची मुद्रिते तुम्ही तपासलीत, तेव्हा त्यांच्यावर हक्कही तुमचाच. कोणत्या अंकाची पाने निसटली आहेत तेवढे पाहून ठेवाल का? पंधरा दिवसांनी माणूस पाठवते.

गुडघ्याला तेल लावता ना? काकू असत्या तर मला विचारावे लागले नसते. आशीर्वाद असू द्यावा.

आपली,
मंजुषा

इंदिरानगर, नाशिक,
१८ ऑगस्ट २०२४

चि. मंजुषा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. अक्षर डॉक्टरांचे असूनही वाचता आले, याचे श्रेय माझ्या छत्तीस वर्षांच्या शिक्षकीला दे. कागद बंद होणार याचे वाईट वाटले. पण न फोडलेल्या वेष्टनात शुद्ध मराठी कोंडून ठेवण्यात अर्थ नाही, हे मलाही कळते. गुडघा बरा आहे. तेल लावतो, असे लिहिल्यास ते असत्य होईल.

संच लावायला घेतला आणि १९९३च्या तिसऱ्या अंकापाशी थांबलो. पान ४१ वर दादांनी, तुझ्या बाबांनी, लिहिलेली एका रुग्णेची हकीकत आहे. रोग उपदंश, म्हणजे तुम्हा डॉक्टरांचा सिफिलिस. आपल्या प्रथेप्रमाणे आद्याक्षरे, वय, व्यवसाय आणि गाव दिले आहे. ते गाव लासलगावजवळचे आहे. नाव या पत्रात लिहीत नाही. शेजारी छायाचित्र आहे, डोळ्यांवर काळी पट्टी. हनुवटीवर तीन गोंदणठिपके आहेत आणि भुवईपासून कानापर्यंत जुना व्रण आहे. एवढी वर्षे मी चित्राखालचा मजकूर तपासला, चित्र कधी पाहिले नाही. या वेळी पाहिले. दादांच्या दवाखान्याच्या कोपऱ्यावर फुले विकणारी ठमाबाई तुला आठवत असेल. मी आजही पूजेची फुले तिच्याकडूनच घेतो.

अंक चारशे डॉक्टरांच्या कपाटात होता, तोवर निराळे होते. आता तिच्या गावातल्या कोणीही गावाचे नाव घालून शोधले, तर हे पान त्याच्या हातात येईल. ते पान चढवू नकोस.

तुझ्या पत्रात एक चूक आहे. ती कोणती, हे तूच शोध. माया तेवढ्याने कमी होत नाही.

तुझा,
आबाकाका

पुणे,
२६ ऑगस्ट २०२४

ती. आबाकाकांस सा. न. वि. वि.

चूक सापडली नाही. तुम्ही मला त्रास देण्यासाठी तसे लिहिले असावे, असा माझा कयास आहे.

पान ४१ विषयी. आपल्याला संकोच वाटतो म्हणून शास्त्रीय नियतकालिकाचे पान गुपचूप काढता येत नाही. उद्या कोणी आपल्याला न आवडणारे निष्कर्षही काढून टाकेल. पण रुग्णाची हरकत असेल, तर गोष्ट वेगळी. त्या काळी लेखी संमती घेण्याची पद्धत नव्हती. आज ती घेतल्याशिवाय आम्ही बोटाचेही चित्र छापत नाही. तेव्हा ठमाबाईंना विचारायला हवे. मी आले असते, पण त्या मला ओळखणार नाहीत. फुलांच्या पैशांबरोबर त्या रोज तुमची दोन बोलणीही खात असतील, म्हणून हे काम तुमच्यावर टाकते.

अवघड आहे, हे जाणते. रागावू नये.

आपली,
मंजुषा

इंदिरानगर, नाशिक,
९ सप्टेंबर २०२४

चि. मंजुषा हिस अनेक आशीर्वाद.

विचारले. त्यासाठी तेरा दिवस लागले. बाराव्या दिवशी ठमाबाईनेच मला हटकले, की मास्तर, रोज शेवंती घेता आणि पैसे देऊन उभेच राहता, बोलायचं काय ते बोला, गिऱ्हाइकाला आडवे होताय. दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी अंक नेला.

तिला अक्षरओळख नाही, म्हणून मी हळू आवाजात वाचू लागलो. निम्म्यापर्यंत आलो, तेव्हा पुढचे वाक्य तीच म्हणाली: पतीस रोग नाही. तिने सांगितले, की हे तिला तोंडपाठ आहे. तिचा नवरा कांद्याच्या ट्रकवर असे. गावच्या कंपाउंडरकडून त्याने हा अंक मिळवला, हे पान फाडले आणि भावकीला बसवून वाचून दाखवले. छापलंय म्हणजे खोटं असंल का, असे सासरा म्हणाला. नवऱ्याला रोग नाही, तर बाईने तो कोठून आणला, हे पुढे कोणी विचारलेही नाही. तिला बाहेर काढले आणि पाच वर्षांचा मुलगा दीपक तिकडेच ठेवून घेतला. तो आता लासलगावच्या बाजार समितीत मापाडी आहे. बाप वारला, पण ते पान त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत जपले आहे. आई सणाला गेली, तर तो पाणी देतो आणि कामाला निघून जातो.

मी तिला म्हणालो, की आपण हे पान चढवणारच नाही. त्यावर ती हसली. झाकायचं व्हतं तर तवाच झाकायचं, आता झाकून माझं काय राहिलंय, असे म्हणाली. डोळ्यांवरच्या पट्टीकडे बोट करून तिने विचारले, की हनुवटी उघडी ठेवून डोळे कोणापासून झाकले. नवऱ्याला डॉक्टरांनी कधी तपासलेच नव्हते, तो दवाखान्याच्या पायरीवरूनच परत गेला होता, असे ती शपथेवर सांगते. मी चांगली व्हते असं छापू नका, ती म्हणाली. त्याला रोग नव्हता हे तेवढं मागं घ्या.

दादा न तपासता असे लिहिणारे नव्हते, असे मी ठामपणे सांगून आलो. घरी येऊन त्या अंकाच्या मुद्रितांचे बाड सोडले. दादांचे मूळ वाक्य असे आहे: 'पती आपणास असा रोग नसल्याचे सांगतो, मात्र त्याची तपासणी होऊ शकली नाही.' त्यावर तांबड्या शाईची रेघ आहे आणि समासात 'पतीस रोग नाही' असे लिहिले आहे. अक्षर माझे आहे. पान एका ओळीने वाढत होते आणि चित्राखालचा मजकूर पुढच्या पानावर जात होता. मी एक ओळ वाचवली. दादा त्या आठवड्यात देवळालीला शिबिरात होते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून छपाईला होकार दिला. वाक्य आटोपशीर झाले, असे मला तेव्हा वाटल्याचेही आठवते.

आपल्या त्रैमासिकात एकतीस वर्षांत शुद्धिपत्र निघाले नाही, हे मी किती लोकांना सांगितले असेल. काय करायचे ते तू संपादक म्हणून सांग. काका म्हणून मला वगळ.

आबाकाका

पुणे,
१५ सप्टेंबर २०२४

ती. आबाकाकांस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून दवाखाना अर्धा तास उशिरा उघडला. काका म्हणून वगळायचे म्हणता, ते जमणार नाही. मला पहिली बाराखडी तुम्ही घटवून घेतलीत. तुमची एक चूक मी पदरात घेऊ शकते. पण ठमाबाईंची एकतीस वर्षे तुम्ही किंवा मी परत देऊ शकत नाही, हेही लिहिते, कारण गोड लिहिलेले तुम्हाला चालणार नाही.

संपादक म्हणून सांगते. जुने अंक दिवाळीला चढणार नाहीत. आधी सगळ्या अंकांतले चेहरे, आद्याक्षरे आणि गावांची नावे काढू. काळ्या पट्टीवर मीही डोळे झाकून विसंबले होते. एकेचाळिसावे पान मात्र आत्ताच चढवू. त्यावर चित्र आणि गाव नसेल. सगळ्यांत वर शुद्धिपत्र असेल, अंक आणि पान यांच्या उल्लेखासह. गाव ठेवा असे ठमाबाई म्हणाल्या तरी मी ठेवणार नाही. ज्याला कळायला हवे, त्याच्या पेटीत ते पान आहे; पानाचा आकडा त्याला पुरेल. मजकूर तुम्ही लिहावा आणि खाली तुमचे नाव असावे, अशी माझी इच्छा आहे. सक्ती नाही.

आपलीच,
मंजुषा

इंदिरानगर, नाशिक,
१० ऑक्टोबर २०२४

चि. मंजुषा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

शुद्धिपत्र संकेतस्थळावर दिसले. पाच ओळी लिहायला मला चार दिवस लागले. 'अनवधानाने' हा शब्द मी शेवटी काढला. मी अवधान ठेवूनच ती ओळ कापली होती. ठमाबाईला दोनदा वाचून दाखवले. तिने विचारले, की हे किती जणांना दिसेल. जगात कोणालाही, असे मी म्हणालो. जगाचं ऱ्हाऊ द्या, लासलगावात दिसतंय का तेवढं सांगा, असे तिने विचारले.

काल आम्ही बसने लासलगावला गेलो. लिलाव चालू होता आणि ट्रॅक्टरांच्या रांगेत दीपक काट्यापाशी उभा होता. तो बापासारखा दिसतो, असे ठमाबाई वाटेत म्हणाली होती. मला तो हुबेहूब तिच्यासारखा वाटला. मी माझे नाव आणि काम सांगून शुद्धिपत्र दाखवले. त्याने माझ्या हातातला फोन घेतला नाही. स्वतःच्या फोनवर शोधून वाचले. मग त्याने काटा दुसऱ्याकडे सोपवला आणि आम्हाला घरी नेले.

पेटीतून पान काढून त्याने प्रथम आकडा पाहिला, मग ओळीवर बोट ठेवले. मला म्हणाला, की मास्तर, फोनातलं दुरुस्त झालं, पण हे तसंच हाये. तुमचं काम हे, तुम्हीच करा. माझ्या खिशात तांबडे पेन होते. मी ती ओळ खोडली, समासात दादांचे वाक्य पूर्ण लिहिले आणि खाली सही व तारीख घातली. अक्षर माझ्या पसंतीचे आले नाही. कोणती ओळ खोडली, ते ठमाबाईने विचारून घेतले. दीपकने तिचे बोट धरून त्या ओळीवर नेले. शाई ओली आहे, फिसकटेल, असे मला सांगायचे होते.

मग तो आईला म्हणाला, की उन्हातून आलीस, बस, जेवण झाल्याशिवाय उठायचं नाही. सूनबाईने पिठले-भाकरी वाढली.

परतीच्या बसमध्ये मी एकटाच होतो. ठमाबाई चार दिवस तिकडेच राहणार आहे; तोवर फुले दुसरीकडून घ्या, पण शिळी बघून घेऊ नका, असे तिने बजावले आहे.

गुडघ्याला आज तेल लावले. तुझ्या पहिल्या पत्रात चूक नव्हती. या म्हाताऱ्यावर आहे तेवढी माया राहू दे. अधिक मागण्याची सध्या पात्रता नाही.

तुझा,
आबाकाका