झाकणाभोवतीची फट

३ फेब्रुवारी
मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातल्या जाळीला शेकडो भोकं, तरी लहरी आतच राहतात. स्टीलच्या डब्याला एकही भोक नाही, तरी आत ठेवलेला फोन वाजतो. असं का? आज माझी मदतनीस साधना हिला हे कोडं घातलं. म्हणे, "सर, पहिले आपल्या फिल्टरचं कोडं सोडवा नं!"

खरं आहे. मायक्रोवेव्ह लहरी गाळणारा आमचा फिल्टर म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर छापलेले रेझिनचे दोन अर्धे भाग, वर तांब्याचा मुलामा, जोडल्यावर आत पोकळ्यांची रांग. ज्या लहरीचं माप पोकळीत बसतं, तीच पुढे सरकते. तत्त्व किती सुंदर! वारंवारता अचूक मिळते, पण पलीकडे जेमतेम निम्मी शक्ती पोहोचते. शुक्रवारी नवा रायपुरात ग्राहकाची तपासणी. नापास झालो तर ते अ‍ॅल्युमिनियममधून कोरून घेतील आणि आमचं छपाईचं काम बंद.

५ फेब्रु.
दोष छपाईच्या थरांमुळे भिंतींवर उमटणाऱ्या बारीक पायऱ्यांचा मानला. नवा नमुना छापला, घासून गुळगुळीत केला, पुरानी बस्तीतल्या देवांगन भैयांकडून मुलामा करून आणला. फरक शून्य. गणित निर्दोष आहे, हेच जास्त छळतं. जेवताना आईवर उगाच चिडलो.

६ फेब्रु.
साधनाच्या हातात जुना नमुना. "सर, हे तांबं अजून काळं काहून नाही पडून राहिलं?"

मीटर लावला. एक टोक एका भागाच्या काठावर, दुसरं दुसऱ्याच्या. बीप नाही! म्हणजे एका भागातून दुसऱ्यात प्रवाह जातच नाही.

दे. भैयांना फोन. "आप ही तो बोले थे साहब, चमक नहीं जानी चाहिए। ट्रॉफी जैसा क्लियर वार्निश मार दिया। हव, दोनों पीस में।"

बोललो होतो.

प्रवाह पोकळीच्या भिंतींवरून फिरतो. जाळीतल्या बारीक भोकांना तो वळसा घालतो. लांब फट ओलांडणं मात्र अवघड. तिथूनच लहर निसटते. भोकं किती, याला महत्त्व नाही; फट किती लांब, याला आहे. वार्निशने आमच्या सांध्यात तशीच फट घातली.

काठ ब्लेडने खरवडले. दोन कोपऱ्यांत तांबंही निघालं. मोजणी आता थेट उद्या, ग्राहकासमोर.

घरी फोन डब्यात ठेवला. आई : "काहून रे, खिसा फाटला का?" तिच्या फोनवरून लावायला सांगितलं. वाजला. झाकणाच्या सांध्यावर फॉइल चोहीकडून घट्ट दाबली. "बाई म्हणून राहिली, पहुंच से बाहर।" मग फॉइल वीतभर सोडवली.

"लाव आता, आई."

डब्यात फोन वाजला. उद्याच्या नमुन्यात तांबं निघालेले ते दोन कोपरे वीतभर लांब नाहीत, एवढाच दिलासा. डबा आणि फॉइल प्रत्येकाच्या घरी असतात, करून पाहावं.