चर्च नसलेला फोटो

तीर्थस्वरूप दादांना सविनय नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींनी जिना चढायला बंदी केली असेलच, ती पाळा. तुमची बहीण गेल्यापासून मी स्वयंपाक शिकतो आहे. शेजारी आता डबा कीव म्हणून नाही, सवय म्हणून पाठवतात, एवढी प्रगती आहे.

पत्राचं कारण फादर. ते परवा घरी आले आणि म्हणाले, चर्चच्या दारापाशी बाईंचा फोटो लावायचा आहे, एखादा द्या. मी म्हटलं, बघतो. दादा, मला द्यायचा नाही. तुम्ही हसाल, पण मला त्या दगडी इमारतीचा हेवा वाटतो. सगळ्या संसारभर ती लोकांना ते चर्च दाखवत हिंडली. डावा मनोरा उजव्यापेक्षा बुटका का (गवंडी भांडून निघून गेले), मागच्या खिडक्यांच्या कमानी गोल आणि पुढच्या टोकदार का (मध्ये शंभर वर्षं काम बंद पडलं, तेवढ्यात फॅशन बदलली), हे तिला झोपेतही सांगता येई. माझ्या चष्म्याचा नंबर मात्र शेवटपर्यंत माहीत नव्हता. "अहो, छप्पर गळतंय!" असं ओरडली की मी बादली घेऊन माळ्यावर धावायचो, आणि ती छत्री घेऊन चर्चकडे. (आमचंही गळत होतं, पण ते ऐतिहासिक नव्हतं.) माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात आली ती केसांत चुना घेऊन. आधी वेदीमागे सापडलेल्या जुन्या रंगाबद्दल सांगितलं, मग विचारलं, "दुखतंय का हो?" दुखत होतं. मी नाही म्हटलं.

रविवारी फादरांच्या आग्रहाखातर, तिच्या जागी आलेली मुलगी पाहुण्यांना चर्च दाखवते ते ऐकायला गेलो. एक भिंत बाहेर झुकू लागली म्हणून तिला मागाहून बाहेरून दगडी टेकू बांधला आहे. तिथं थांबून ती मुलगी म्हणाली, "बाई इथं नेहमी सांगायच्या, हा टेकू म्हणजे आमचे हे! आत यायचं नाव नाही, तोंडातून शब्द नाही. पण काढून बघा, सगळं खाली येईल." सगळे हसले. मीही हसलो, नाहीतर न हसणारा मी एकटाच दिसलो असतो. तेव्हापासून चर्चपेक्षा त्या पाहुण्यांचा जास्त हेवा वाटतो. कुणीही वाट चुकून यावं आणि हे ऐकून जावं, आणि मी घरी काय ऐकायचं, तर "कचरा टाकलात का?"

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला नम्र,
तुमचा मेहुणा

ता. क. : तिचा माहेरचा एखादा फोटो पाठवाल का? माझ्याकडच्या प्रत्येक फोटोत तिच्यामागे चर्च आहे. लग्नातल्या फोटोतसुद्धा ती छताकडे बघते आहे. झाडावर चढलेला, रडका, शेंबडा, कसाही चालेल. मागे चर्च नको. तो फादरना देणार नाही. माझ्यासाठी हवा आहे.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवण्याआधी सगळे फोटो टेबलावर मांडून पाहिले. लग्नातला सोडला तर सगळे मीच काढलेले. दादा, एकाही फोटोत तिचं चर्चकडे लक्ष नाही. त्याच्याकडे पाठ करून उभी आहे, आणि माझ्याकडे बघून हसते आहे. त्यातला सगळ्यांत मोठा फादरना देतो आहे. चर्चलाही जरा कळू दे.